दुर्दैवानं हा शब्द नको

शनिवारी दुपारी बंगल्याचा वॉचमन पाकीट देऊन गेला तेव्हा रेश्मा गोठ्यात होती, म्हणून ते तिच्या सासूच्या, तुळजाबाईंच्या, हातात पडलं. जाड, पिवळसर कागदाचं पाकीट आणि वर इंग्रजी अक्षरं. तुळजाबाईंनी ते उलटंपालटं करून पाहिलं, उजेडात धरून पाहिलं आणि तांदळाच्या डब्याखाली सरकवून दिलं. इंग्रजी अक्षरांचं जाड पाकीट त्यांच्या घरी आजवर दोनदाच आलं होतं, आणि दोन्ही वेळा ते चुलतभावकीच्या वकिलाकडून आलं होतं.

रेश्मा शेणाचे हात धुऊन आत आली तेव्हा त्या म्हणाल्या, "नोटीस आलीया. शंभू येईस्तवर हात लावू नगंस."

"कुनी दिली?"

"त्या गोरीच्या वॉचमननं."

रेश्मानं डबा उचलला, पाकीट काढलं आणि उभ्याउभ्याच फोडलं. आत एक कार्ड होतं, निळ्या शाईनं, वळणदार अक्षरात लिहिलेलं. वर एक बारीकसं फूल काढलेलं. पहिल्याच ओळीत तिला स्वतःचं आणि नवऱ्याचं नाव दिसलं. आजवर रेशनकार्ड आणि मुलीच्या शाळेचा दाखला सोडला तर तिचं नाव इतकं नीटनेटकं कुणी लिहिलं नव्हतं.

रेश्मा अक्षरं लावून इंग्रजी वाचायची. तिचं माहेर ताम्हिणीच्या अंगाला, डोंगरात. शाळेला रोज तास-दीड तास चालत जावं लागे. दहावीला बाकी सगळ्या विषयांत ती बरी होती, इंग्रजीत तेवढी गेली. ऑक्टोबरला पुन्हा बसली आणि छत्तीस मार्कांनी सुटली. त्यानंतर दोन वर्षांनी लग्न होऊन ती कासार आंबोलीला आली, आणि इंग्रजीचा संबंध औषधांच्या बाटल्या आणि खताच्या पोत्यांपुरता उरला. घरी दोन गाई, भाताची पावणेदोन एकर जमीन, वरच्या मजल्यावर भाड्यानं दिलेली एक खोली. नवरा शंभू टेम्पो चालवायचा. रेश्मा वाड्यावस्त्यांवर आणि बंगल्यांवर दूध घालायची, आणि शनिवार-रविवारी शहरातून येणाऱ्या बंगलेवाल्यांनी सांगितलं तर भाकरी-पिठलंही करून द्यायची. कामाला वाघ होती, बोलायला मोकळी होती, हसायला तर कारण लागायचं नाही.

तिनं बोट ठेवून ओळ वाचली. "रिक्वेस्ट... द प्लेझर... ऑफ युवर कंपनी." रिक्वेस्ट म्हणजे विनंती, हे तिला पक्कं ठाऊक होतं; शाळेत अर्ज लिहिले होते. कंपनी म्हणजे काय हे तर मुळशीत कुणाला सांगायला नको.

"आत्या, आपल्या कंपनीची विनंती केलीया."

"आपली कुटली कंपनी?"

"तेच कळंना."

तुळजाबाई समजायचं ते समजल्या. "कंपनीला जमीन पायजे आसंल. मी म्हनलं न्हवतं नोटीस हाय म्हनून? सही करू नगंस कशावर."

पण खाली सही होती ती यित्काची, आणि यित्का कुणाची जमीन मागेल असं रेश्माला वाटेना.

यित्का ही झेक देशातली बाई. तिचा नवरा पावेल घोटावड्याकडच्या एका कारखान्यात मोठी यंत्रं बसवायला आलेला इंजिनियर. दीड वर्षापूर्वी दोघं गावाच्या कडेच्या बंगल्यात राहायला आली. पावेल सकाळी गाडीत बसून कारखान्यात जाई आणि यित्का दिवसभर एकटी. पहिल्या आठवड्यातच ती दुधाच्या वासावर असल्यासारखी रेश्माच्या गोठ्यापाशी येऊन उभी राहिली. तिला मराठी येत नव्हतं, रेश्माला झेक. इंग्रजी दोघींना सारखंच, म्हणजे जेमतेम. पण दोघींचं जमलं. यित्का रोज सकाळी किटली घेऊन यायची, गाईच्या पाठीवर हात ठेवून विचारायची, "टुडे काउ हॅपी?" रेश्मा म्हणायची, "हॅपी, हॅपी. यस्टरडे लाथ मारली." आणि पाय झाडून दाखवायची.

मग एक दिवस यित्कानं चुलीकडे बोट दाखवलं. तिला भाकरी शिकायची होती. तांदळाच्या पिठाची उकड काढून, मळून, थापून रेश्मा तव्यावर टाकायची ती पुनवेच्या चंद्रासारखी. यित्काची भाकरी कधी लांबट, कधी तीन कोनांची, तर कधी परातीतून उचलतानाच दोन तुकडे. तुळजाबाई भिंतीला टेकून बसायच्या आणि सांगायच्या, "आज इमान झालंय बघ. काल बेडूक झाला व्हता." यित्काला शब्द कळायचे नाहीत, पण हसणं कळायचं, आणि तीही कोपरापर्यंत पिठात भरलेले हात वर करून हसत सुटायची. तिनं बिघडवलेल्या भाकऱ्या गाईला जायच्या. गाई खूश होत्या.

अशा बाईनं वॉचमनच्या हाती कार्ड पाठवलं होतं.

संध्याकाळी अपूर्वा स्कूटरवरून आली. वरच्या खोलीत राहणारी ही मुलगी लातूरची, सव्वीस वर्षांची, हिंजवडीला एका कंपनीत नोकरीला. आठवड्यातून दोन-तीन दिवस ऑफिसला जायची आणि उरलेले दिवस खोलीत बसून कानाला यंत्र लावून बोलायची. तुळजाबाईंना बरेच दिवस वाटत होतं की पोरगी एकटीच बडबडते, आईबापांना कळवावं.

हेल्मेट काढायच्या आतच रेश्मानं कार्ड तिच्या हातात दिलं. अपूर्वानं ते वाचलं आणि हसली.

"ताई, हे जेवणाचं आमंत्रण आहे. 'प्लेझर ऑफ युवर कंपनी' म्हणजे तुमची सोबत लाभावी, तुम्ही यावं. फार औपचारिक भाषा आहे. पावेलसाहेबांना पन्नास वर्षं पूर्ण होतायत. पुढच्या रविवारी, दुपारी साडेबाराला, तुम्हाला आणि शंभूदादांना. आणि खाली आर. एस. व्ही. पी. म्हणजे येणार की नाही ते कळवा."

"पुढच्या रविवारी?"

"हो, सत्तावीसला."

रेश्मा ओट्यावर टेकली. पुढच्या रविवारी गावची जत्रा. सकाळी देवाला अभिषेक, दुपारी पुरणपोळ्या, संध्याकाळी कुस्त्यांचा आखाडा आणि मग पालखी. दोघी नणंदा लेकरंबाळं घेऊन यायच्या, मामेसासरे यायचे, शंभूचे मित्र यायचे. चाळीस पानं उठायची. घरची सून त्या दिवशी चुलीपासून हलली तर गाव वर्षभर बोलेल, आणि गाव राहू दे, तिला स्वतःलाच ते जमायचं नाही. जत्रा हा तिचा वर्षातला सगळ्यात लाडका दिवस.

"येत न्हाई म्हनून कळव, झालं," तुळजाबाई म्हणाल्या. "त्यात काय यवडं?"

पण रेश्माला दुसरंच काही बोचत होतं. "काल सकाळी हितंच बसून ताक प्याली. तवा तोंडानं का बोलली न्हाई? येवडं कागुद कशाला? परक्यासारकं?" तिनं मनातल्या मनात सगळा आठवडा उलगडून पाहिला. मंगळवारी दूध अर्धा तास उशिरा झालं होतं. गुरुवारी यित्काच्या भाकरीला ती जरा जास्तच हसली होती. त्याचा राग आला असेल काय?

रविवारी सकाळी यित्का दुधाला आलीच नाही. दोघं पुण्याला गेल्याचं वॉचमनकडून कळलं, पण रेश्माला ते पटल्यासारखं झालं नाही.

त्याच दिवशी दुपारी रेश्मा, अपूर्वा आणि लॅपटॉप असे तिघं ओट्यावर बसले. तुळजाबाई शेजारी लसूण सोलत होत्या. अपूर्वाच्या हाताला असल्या उत्तरांची सवय होती. ऑफिसात दिवसाकाठी चार आमंत्रणं यायची आणि त्यांतली तीन ती गोड बोलून टाळायची. तिनं दोन मिनिटांत मजकूर लिहिला आणि ऐटीत वाचून दाखवला.

"थँक यू सो मच फॉर युवर काइंड इन्व्हिटेशन. अनफॉर्च्युनेटली, ड्यू टू अ प्रायर कमिटमेंट, वी विल नॉट बी एबल टू अटेंड."

"छान वाटतंय," रेश्मा म्हणाली. "आता एकेक सांग."

"पहिली ओळ म्हणजे तुमच्या आमंत्रणाबद्दल खूप आभार."

"ऱ्हाऊ दे ती."

"अनफॉर्च्युनेटली म्हणजे दुर्दैवानं."

"कशानं?"

"दुर्दैवानं. म्हणजे आमचं नशीब खोटं, म्हणून येता येत नाही."

रेश्मानं मान हलवली. "अगं, देवाची जत्रा हाय आन् दुर्दैवानं कसं म्हनू? वरीसभर वाट बघती मी त्या दिसाची."

"ताई, तसा अर्थ कुणी घेत नाही. ती एक पद्धत आहे."

"देव घील की," तुळजाबाई लसणाची पाकळी सोलत म्हणाल्या.

अपूर्वा पुन्हा लॅपटॉपकडे वळली. तिनं तो शब्द खोडला. पुढचं होतं 'प्रायर कमिटमेंट'. आधीच ठरलेलं काम, असा त्याचा अर्थ सांगितल्यावर रेश्मा म्हणाली, "जत्रा काय काम हाय व्हय? आन् कसलं काम ते न्हाई सांगितलं तर तिला वाटंल, उगंच सांगतीया."

"उगाच सांगायलाच तो शब्द असतो, ताई," अपूर्वा बोलून गेली आणि तिचं तिलाच हसू आलं. "मागच्या महिन्यात आमच्या मॅनेजरनं घरी पूजेला बोलावलं होतं. मी हेच लिहिलं. माझं काही ठरलेलं नव्हतं. इथं वर झोपले होते."

"मला ठावं हाय. मी चहा आणून दिला व्हता."

अपूर्वानं दुसरा मजकूर घेतला. "आय अ‍ॅम अफ्रेड वी कान्ट मेक इट."

अफ्रेड हा शब्द रेश्माला शाळेपासून माहीत होता. "भ्यायचं काय त्यात? कुत्रं हाय व्हय त्येंच्यात?"

"नाही हो, भीती म्हणजे तशी भीती नाही. हळूच नाही म्हणायचं असतं तेव्हा इंग्रजीत तसं म्हणतात."

"मंग हळूच म्हनंल असं काहीतरी दुसरं बघ."

तिसरा मजकूर होता 'इट इज विथ डीप रिग्रेट', पण तो वाचताना अपूर्वालाच आठवलं की ऑफिसात हे वाक्य कुणी वारल्यावर येतं. तिनं न सांगताच पुसून टाकलं. चौथा, 'पर्हॅप्स सम अदर टाइम'. पुन्हा कधीतरी.

"पुन्ना कवा?"

"असंच, कधीतरी."

"आपल्यात 'या कदीतरी' म्हनलं की मानूस काय समजतं? येऊ नगंस समजतं." रेश्मा आता सरसावून बसली होती. दहावीत न आवडलेली ही भाषा आज पहिल्यांदाच तिच्या ताब्यात आल्यासारखी वाटत होती. त्या भाषेला आपल्याला हवं ते बोलायला लावायचं होतं तिला. "दिस सांगायचा. सोमवार म्हनायचं. सोमवारी मी मोकळी."

"बरं, हे बघा. आय वुड हॅव लव्ह्ड टू कम. म्हणजे यायला मला मनापासून आवडलं असतं."

रेश्मानं ते दोनदा म्हणून पाहिलं. आय वुड हॅव लव्ह्ड टू कम. त्या बंगल्याच्या आत ती कधीमधी जायची, पण स्वयंपाकघराच्या दारापर्यंतच. त्या लांब टेबलाशी खुर्चीवर बसून, पदरानं घाम न पुसता, कुणीतरी वाढलेलं जेवण जेवायचं, ही कल्पना काल कार्ड कळल्यापासून तिच्या मनात घोळत होती.

"ह्ये ठेव," ती म्हणाली. "ह्ये खरं हाय."

मग लॅपटॉप बंद झाला. रेश्मानं मुलीच्या वहीतलं कोरं पान फाडलं, पेन घेतलं आणि स्वतः लिहायला बसली. अपूर्वानं फक्त स्पेलिंगं सांगायची, असं ठरलं. अर्धा तास गेला. तुळजाबाईंचा लसूण सोलून संपला, त्या कांदे घेऊन बसल्या. शेवटी जे तयार झालं ते असं होतं:

"डियर यित्का, थँक यू फॉर कॉलिंग अस. आय वुड हॅव लव्ह्ड टू कम. बट संडे इज अवर व्हिलेज गॉड्स डे. फॉर्टी गेस्ट्स कम टू माय हाउस. आय अ‍ॅम व्हेरी हॅपी दॅट डे. प्लीज कम यू अँड पावेल, ईट विथ अस. मंडे आय विल कम टू युवर हाउस. आर यू अँग्री? रेश्मा."

"कॉलिंगच्या जागी इन्व्हायटिंग पाहिजे," अपूर्वा म्हणाली. "आणि शेवटचा प्रश्न असा थेट विचारत नाहीत."

"मंग कसं इचारत्यात?"

अपूर्वानं विचार केला. हिंजवडीत चार वर्षं काढली होती तिनं, शेकडो मेल लिहिले होते, पण 'रागावलीस का' हे कुणाला कधी विचारलं होतं ते तिला आठवेना. "राहू द्या," ती म्हणाली. "बरोबर आहे."

सोमवारी सकाळी रेश्मा किटली आणि चिठ्ठी घेऊन स्वतःच बंगल्यावर गेली. यित्का व्हरांड्यात झाडांना पाणी घालत होती. रेश्माला पाहून ती नेहमीसारखी हसली, पण जरा बावरल्यासारखी. रेश्मानं चिठ्ठी पुढे केली. यित्कानं पाण्याची झारी खाली ठेवली, हात फ्रॉकला पुसले आणि उभ्यानं वाचायला लागली. वाचता वाचता तिचे ओठ हलत होते. शेवटच्या ओळीवर ती थांबली, चेहरा लाल झाला आणि ती तडक आत निघून गेली.

रेश्मा व्हरांड्यात एकटीच उभी. झारी आडवी झाली होती, पाणी वाहत होतं. ती वाकून झारी सरळ करत होती, इतक्यात यित्का परत आली. तिच्या हातात कागदांचा एक चुरगळलेला गठ्ठा होता. तिनं तो पायरीवर पसरला, रेश्माला दंडाला धरून शेजारी बसवलं आणि एकेक कागद दाखवायला लागली.

पहिल्या कागदावर फक्त एवढंच होतं: रेश्मा, संडे कम ईट. पावेल ओल्ड. त्यावर काट मारलेली. दुसऱ्यावर चार ओळी, त्यावरही काट. तिसऱ्यावर शब्दकोशातून काढलेले शब्द एकाखाली एक. सातव्या कागदावर कुठून तरी उतरवून घेतलेलं ते 'प्लेझर ऑफ युवर कंपनी' होतं, तीनदा गिरवून पाहिलेलं.

मग यित्कानं हातवारे करत, मध्येच फोनवर शब्द शोधत सगळं सांगितलं. पावेलला कारखान्यातल्या माणसांनी लग्नाच्या पत्रिका दिल्या होत्या. केवढ्या मोठ्या, सोनेरी अक्षरांच्या, वर गणपती. तिला वाटलं, इथं आमंत्रण असंच देतात. साधं बोलावलं तर अपमान होत असेल. कारखान्याच्या साहेबांना जे कार्ड पाठवलं तेच, तसंच, तिनं रेश्मालाही लिहिलं. "सेम," ती पुन्हा पुन्हा म्हणाली, "बॉस सेम, रेश्मा सेम." आणि दूध घेताना, चुलीपाशी का नाही सांगितलं? यित्कानं किटलीकडे बोट दाखवलं. "मिल्क टाइम, यू वर्क. आय डोन्ट से 'कम' लाइक वर्क." कामाच्या वेळी सांगितलं तर रेश्माला वाटेल, भाकऱ्या करायला बोलावलंय. तिला पाहुणी म्हणून बोलवायचं होतं.

रेश्माला सगळे शब्द कळले नाहीत, पण सात कागद तिच्या डोळ्यांसमोर होते. तिनं त्या पहिल्या कागदावर बोट ठेवलं. "धिस गुड," ती म्हणाली. "धिस बेस्ट. यू आन् मी, धिस."

यित्कानं तिची चिठ्ठी पुन्हा वाचली. "आर यू अँग्री," ती मोठ्यानं म्हणाली आणि हसायला लागली. मग दोघी पायरीवर बसून इतक्या हसल्या की वॉचमन फाटकातून डोकावून गेला.

रेश्मा निघाली तेव्हा यित्कानं विचारलं, जत्रेला मी आणि पावेलनंच यायचं का? कारण रविवारी आमच्याकडे कारखान्यातली आणखी सहा माणसं जेवायला येणार होती, त्यांना आता काय सांगू? रेश्मानं दोन्ही हात पसरले. "ऑल," ती म्हणाली. घरी येऊन हे सांगितलं तेव्हा मात्र तिला जरा धाकधूक होती. तुळजाबाईंनी कांद्याच्या टोपल्यातून वर पाहिलं. "आट मानसं? आट मानसांनी काय व्हतंय? मला वाटलं गाडी भरून येत्यात."

रविवारी दुपारी एक वाजता दोन गाड्या आल्या. पावेल उंच, टक्कल पडलेला, आणि उन्हानं टोमॅटोसारखा झालेला. त्याच्याबरोबर दोन झेक, दोन जर्मन, आणि कारखान्यातले दोन पुण्याचे अधिकारी. सगळ्यांना अंगणात मांडवाखाली सतरंजीवर बसवलं. मांडी घालताना एका जर्मनाचा पाय मध्येच अडकला, तेव्हा शंभूच्या मामांनी त्याला बाजूची खाट दिली आणि तो खाटेवर, पान स्टुलावर, असा राजासारखा जेवला.

खरी गंमत झाली ती पुरणपोळीवर. यित्काची तिसरी पोळी संपली आणि तुळजाबाई चौथी घेऊन समोर उभ्या. यित्कानं "नो, थँक यू" म्हटलं. पोळी पानात पडली. तिनं ती कशीबशी संपवली. तुळजाबाई पुन्हा आल्या. तिनं रेश्माकडे पाहून खुणेनंच विचारलं, काय म्हणू? नाही म्हणायचं चांगलं मराठी काय?

"पोट भरलं म्हन," रेश्मानं शिकवलं.

"पोट भरलं," यित्का नीट, स्वच्छ म्हणाली.

"व्हय का? भरू दे की मंग," म्हणत तुळजाबाईंनी वाढली.

यित्कानं पानावर आडवा हात धरला. तुळजाबाईंनी हाताच्या वरच तुपाची धार धरली. हात आपोआप मागे गेला. रेश्मा हसून हसून चुलीपाशी खाली बसली. अपूर्वानं समजावून सांगायचा प्रयत्न केला: आमच्याकडे नाही म्हणायचं वाक्य अजून कुणी काढलेलं नाही, तुम्ही उठून हात धुणं एवढाच उपाय. पण उठायलाही यित्काला दोघींनी हात द्यावा लागला.

संध्याकाळी आखाड्यात पावेलला फेटा बांधला. माइकवरच्या माणसानं "परदेशी पाहुणे पाववाले साहेब यांच्या शुभहस्ते" असं पुकारून त्याच्या हाती जिंकणाऱ्या पैलवानाचा नारळ दिला. पन्नासाव्या वर्षी आपल्याला इतक्या माणसांनी टाळ्या वाजवल्या याचं त्याला फार कौतुक वाटलं. तो बराच वेळ फेटा काढायला तयार नव्हता.

आणि सोमवारी रेश्मा बंगल्यावर जेवायला गेली. शंभूनं इस्त्रीचा शर्ट घातला होता, तिनं नणंदेनं दिलेली मोरपंखी साडी नेसली होती. लांब टेबल, चार खुर्च्या. यित्कानं रश्श्यासारखं काहीतरी मांसाचं केलं होतं, बरोबर उकडलेल्या कणकेचे गोळे. शंभूनं काटा दोनदा हातात घेतला, दोनदा खाली ठेवला आणि पावेलनंच आधी हातानं खायला सुरुवात केली. चव अळणी होती. रेश्माला ती आवडली असं म्हणता यायचं नाही, पण तिनं दोनदा मागून घेतलं. जेवण झाल्यावर ती सवयीनं ताटं उचलायला उठली, तेव्हा यित्कानं तिचे खांदे दाबून तिला पुन्हा खाली बसवलं. नऊ वर्षं बंगल्यांमधून दूध घालणाऱ्या रेश्माला त्या खुर्चीवर रिकामे हात मांडीत घेऊन बसणं फार अवघड गेलं, आणि फार बरंही वाटलं.

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. चिठ्ठीची बातमी गावात पसरली, कारण तुळजाबाईंनी ती बाजारात, दळणाच्या गिरणीत आणि दोन बारशांत सांगितली. तेव्हापासून कुणाला बंगल्यावरून इंग्रजीत काही आलं की ते फोन घेऊन रेश्माकडे येतात. स्पेलिंगांना अपूर्वा आहेच. अपूर्वाही हल्ली मॅनेजरला 'प्रायर कमिटमेंट' लिहीत नाही. परवा तिनं सरळ लिहिलं की रविवारी झोपायचंय, पुढच्या आठवड्यात येते. मॅनेजरनं हसरं तोंड पाठवलं.

गेल्या पंधरवड्यात भैरू आला होता. हा वरच्या अंगाच्या बंगल्यांवर बागकाम करतो. एका मालकिणीनं मुलीच्या लग्नाचं आमंत्रण त्याला फोनवर पाठवलं होतं, सगळं इंग्रजीत, खाली उत्तराची विनंती.

"काय लिवू सांग," भैरू म्हणाला. "पर जरा जड लिव्ह. मोटी मानसं हायेत."

"आदी मला सांग, जायाचं हाय का न्हाई?"

भैरू घुटमळला. लग्न पुण्यात, मोठ्या हॉलमध्ये. गाड्यांचे लोक. आपण कुठं उभं राहायचं तिथं.

"त्ये मी न्हाई इचारलं. जायाचं मनात हाय का?"

"हाय की. पोरगी लई गुनाची. ल्हान व्हती तवा माज्या खांद्यावर बसून जांभळं काढायची."

"मंग झालं." रेश्मानं फोन घेतला आणि टाइप केलं: वी विल कम.

भैरूनं ते पाहिलं, चष्मा वर करून पुन्हा पाहिलं. "यवडंच? ह्ये लईच हलकं झालं गं. कायतरी भर घाल की."

रेश्मानं क्षणभर विचार केला आणि पुढे आणखी एक ओळ घातली: शी सॅट ऑन माय शोल्डर फॉर जांभूळ.

"आता?" तिनं अर्थ सांगून विचारलं.

भैरूनं फोन हातात तोलून पाहिल्यासारखा केला. "आता वजन आलं," तो म्हणाला, आणि पाठवायचं बटण कुठलं ते विचारलं.